पाचवी खिडकी

चिपळूणहून निघालो तेव्हा बॅगेचं वजन मी काजूच्या वखारीतल्या काट्यावर केलं होतं. तेवीस किलो चारशे ग्रॅम. विमानात तेवीसच चालणार होते, म्हणून चारशे ग्रॅम मेतकूट बाहेर काढून घरी आईला परत दिलं. "तिथे उपाशी राहिलास तर तो काटा जेवायला घालणार आहे का?" असं म्हणत ती डबा वरच्या फळीवर ठेवायला स्टुलावर चढली. निघतानाची आई मला आठवते ती अशी, पाठमोरी.

त्याला एकवीस वर्षं झाली. आता मी अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयसीला राहतो. इथे मराठी घरं थोडी, बास्क बरीच. स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून ही माणसं मेंढ्या राखायला आली. त्यांच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम निघालं, तेव्हा मी डेटा सांभाळायला व्हॉलंटिअर झालो आणि हळूहळू प्रश्नही विचारू लागलो.

शाबिएर शहाऐंशी वर्षांचे, एकोणिसाव्या वर्षी आलेले. मेंढ्या किती, कुत्रे किती, डोंगरात महिने किती, सगळं त्यांनी सांगितलं. गावचं घर पाडलं गेलं होतं, फोटो नव्हता. खिडक्या किती? "चार."

मात्र डोंगरातल्या एका अ‍ॅस्पेनच्या, पांढऱ्या गुळगुळीत सालीच्या झाडावर त्यांनी ते घर कोरलं होतं. मेंढपाळांची ती रीतच. चाकूच्या टोकाने सालीवर बारीक ओरखडा काढायचा. तेव्हा फारसं दिसत नाही. झाड वाढतं तशी रेघ जाड, काळी होत जाते. म्हणजे शाबिएरनी स्वतः काढलेलं चित्र कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता गुडघे डोंगर चढू देईनात. "झाड उभं असलं तर फोटो आण," ते म्हणाले. "ही झाडं माणसाएवढीच जगतात."

तिसऱ्या फेरीत सापडलं. शेंडा वाळलेला, घर स्पष्ट. फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला. मी तोवर खिडक्या मोजल्या होत्या.

"टेपवर चार खिडक्या म्हणालात, इथे पाच आहेत. कुठला आकडा लिहू?"

"जनगणनेवाला आहेस का?" ते हसले. मग म्हणाले, "चारच होत्या. स्वयंपाकघरात अंधार. आई म्हणायची, मोठा झालास की इथे एक खिडकी पाडून दे. मी इकडे निघून आलो. म्हणून ती झाडावर काढली."

तक्त्यात मी दोन्ही आकडे लिहिले.

दर रविवारी आईला फोन करतो, बीपी आणि गोळ्या विचारतो. त्या रविवारी विचारलं, घरात काही करून हवं होतं का?

"काही नको रे." मग म्हणाली, "ती वरची फळी तेवढी खाली घ्यायची होती. आता स्टुलावर चढवत नाही."

"किती इंच?"

"इंच कसले विचारतोस! माझा हात पोचेल इतकी."

तुम्ही वाचणारे तिकडे गावी राहिलात, आम्ही इकडे परदेशात आलो. घराबद्दल कुणी विचारलं की मी चौरस फूट सांगायचो. आता आधी ती फळी आठवते. डिसेंबरचं तिकीट काढलंय. मेजरिंग टेप नेणार आहे, पण आधी आईला तिथे उभं करून हात वर करायला सांगेन.