मामांनी दिलेला ॲडमिन ॲक्सेस

भुताखेतांचे मेसेज मी फॉरवर्डसुद्धा करत नाही. लिनक्सची मशीन्स सांभाळणं हा माझा धंदा. तिथे जे घडतं त्याची लॉगमध्ये नोंद असते, आणि नोंद नसेल तर ते घडलंच नाही असं मानणारा मी माणूस. अडचण अशी, की या वेळी नोंद आहे...

मानवतला एका खासगी बियाणं तपासणी लॅबमध्ये सर्व्हरच्या दुरुस्तीला मी जातो. त्यावर ॲडमिनचे अधिकार एकाच खात्याला होते — बाबूरावमामांच्या. मामा वालूरचे, लॅबमधले सगळ्यात जुने. कुठलंही मोठं काम करण्याआधी ते 'डेट' ही कमांड देऊन तारीख-वेळ बघायचे. "मुहूर्त बघायलोय," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्यांच्या हाताखाली सुनीताताई. तिला सगळं काम येत होतं. मामा तिलाही अधिकार देणार होते, मीच आडवा आलो. "इतक्यात नको मामा, एक कमांड चुकली तर सगळं पुसलं जाईल." आम्ही दोघंच होतो तेव्हा. मामा म्हणाले, "बरं, तुमी म्हणाल तवा देऊ."

दोन महिन्यांनी मामा हार्ट अटॅकने गेले. पासवर्डही गेला. मशीन बंद करून आत शिरावं, तर डिस्कलाही त्यांच्याच पासवर्डचं कुलूप; एकदा बंद झालं की पुन्हा उघडणार नाही. मालकांनी सुनीताताईला पंधरा दिवस दिले — मशीनचा ताबा मिळाला नाही तर तिच्या जागी नवा माणूस. चूक माझी आणि नोकरी तिची जाणार. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दहाव्याला लॅबला कुलूप लावून आम्ही सगळे वालूरला गेलो. किल्ली एकच, सुनीताताईच्या पर्समध्ये. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मुलाचे हात जोडून झाले. शेवटी मामी म्हणाल्या, "कुणाचं काई राह्यलं असल तर बोला ओ, ऊन लय व्हायलंय." माझा विश्वास नाही, पण मनाला लागलं होतंच. पुटपुटलो, "मामा, द्या तिला अधिकार." कावळा शिवला. मी सवयीने घड्याळ पाहिलं — अकरा वाजून बारा मिनिटं. योगायोग म्हणून सोडून दिलं.

दुपारी मानवतला परतलो. कुलूप जसंच्या तसं. सुनीताताईने तिच्या खात्यातून लॉगिन केलं आणि ॲडमिनची एक कमांड देऊन पाहिली. रोज 'परवानगी नाही' यायचं, ते आलं नाही.

"सर, हे चालायलंय की!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी लॉग उघडला. अकरा वाजून बारा मिनिटं... मामांच्या खात्यातून, त्याच खोलीतल्या कीबोर्डवरून, सुनीताताईचं नाव सुडो गटात, म्हणजे ॲडमिनचे अधिकार असलेल्यांच्या यादीत, टाकलेलं. मामांनी आधीच वेळ लावून ठेवलेलं काम असतं, तर कीबोर्डची नोंद आली नसती. मशीनचं घड्याळ तपासलं. बाहेरून कुणी शिरलंय का, तेही पाहिलं. काही नाही. मग त्यांच्या खात्यात दिलेल्या कमांड पाहिल्या. ही शेवटची, आणि तिच्या बरोब्बर आधी — डेट.

सुनीताताई आजही तिथेच आहे. मालकांना मी 'पासवर्ड सापडला' असं सांगितलं. खरं काय झालं, ते मलाच माहीत नाही. एवढंच, की मामा "तुमी म्हणाल तवा" म्हणाले होते... आणि मी म्हणेपर्यंत थांबले.