नाव नको, उतार ठेवा

प्रा. कुमुदिनी बिसेन यांची आणि माझी ओळख एका बेडकाने करून दिली, आणि त्या ओळखीतच माझी फजिती झाली. गोंदियाच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला मॅडमनी मला हात ओले करायला लावले आणि एक गोलमटोल बेडूक माझ्या ओंजळीत ठेवला. ‘‘पाय पाहा आणि सांगा, हा राहतो कुठे?’’ मी पाठ केलेले उत्तर ठोकून दिले, ‘‘पाण्यात, मॅडम.’’

‘‘पुस्तकातला राहत असेल. हा नाही.’’ त्यांनी त्याच्या मागच्या पायावरचा कडक उंचवटा दाखवला. ‘‘ही खुरपी घेऊन तो पाण्यात निंदण करणार आहे का?’’ सारा वर्ग हसला. तो बेडूक शेतातली माती उकरून आत राहणारा होता. तळ्यावर तो येतो तो पावसाळ्यात, अंडी घालण्यापुरता.

मॅडमचे आयुष्यभराचे काम या एका प्रश्नात सांगता येईल. बोटांत पडदे असलेला बेडूक पाणी सोडत नाही. बोटांच्या टोकाला चिकट गाद्या असलेला झाडावर, नाहीतर आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर सापडतो. जाड, खरखरीत कातडीचा भेक पाण्यापासून लांब, अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसतो. नागझिऱ्याच्या जंगलापासून धानाच्या बांधापर्यंत मॅडम हेच पाहत हिंडल्या. बेडकाची कातडी श्वास घेते, म्हणून कोरड्या हाताने त्याला धरलेले त्यांना खपत नाही. चुकून कोणी धरलेच, तर मॅडमची जीभ मात्र कोरडी राहत नाही.

त्या रागाच्या पोटात मायाही तेवढीच. माझ्या लग्नाला त्या अक्षता पडून गेल्यावर आल्या, साडी पोटरीपर्यंत चिखलाने माखलेली. कोहमाऱ्याजवळ रस्त्याकडेच्या डबक्याने त्यांना अडवले होते. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या पायांवर पाणी घातले, आणि पाय धुता धुता मॅडमनी त्यांना भेक विषारी कसा ते समजावले. पुढे कावीळ होऊन मी अंथरुणाला खिळले, तेव्हा या बाई रोज बसने येऊन मला मऊ भात भरवत होत्या. त्यांचे ऋण मी फेडणार नाही. मला ते फेडायचेच नाही.

गेल्या वर्षी मॅडमच्या पंच्याहत्तरीची चर्चा सुरू झाली आणि त्यांच्या माहेरच्या गावाने ठरवले की तलावाला चहूबाजूंनी सिमेंटची उभी भिंत बांधून त्याला त्यांचे नाव द्यायचे. याच तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उतरत्या बांधावर, मॅडम लहानपणापासून बेडूक पाहत आल्या. एक बाजू बांधून झाली तेव्हा त्यांना ही बातमी कळली, आणि मला सोबत घेऊन त्या तडक ग्रामसभेत जाऊन उभ्या राहिल्या.

सरपंच तलाव बांधणाऱ्या जुन्या कोहळी घराण्यातले, मनाने चांगले. ते दुखावले. ‘‘मॅडम, तुमचंच नाव देऊन राहिलो, अन् तुम्हीच नाही म्हणून राहिल्या? काऊन?’’

‘‘बेडूक वर कसे येतील?’’

मागून एक आजोबा म्हणाले, ‘‘बेडकाले पायरी कायले पायजे, बाई? तो तं उडी मारते!’’ सभा खो खो हसली. मॅडमही हसल्या, आणि सगळ्यांना घेऊन तलावावर गेल्या.

नुकतीच शेपटी गळालेली, नखाएवढी पिल्ले बांधलेल्या भिंतीच्या पायथ्याशी गोळा झाली होती. गाद्यावाली सरसर वर चढून जात होती. खुरपीवाल्यांना मात्र पलीकडची माती गाठायची होती. ती उडी मारत, घसरत, परत पडत. ऊन चढत होते आणि काही पिल्ले वाळून भिंतीलाच चिकटली होती. मघाचे आजोबा वाकून पाहत राहिले. ‘‘अरे बाप्पा,’’ ते म्हणाले, ‘‘हे तं इथंच मरून राहिले.’’

मॅडमचा आवाज तेव्हा पहिल्यांदा कापरा झालेला मी ऐकला. ‘‘माझ्या नावाखाली हे नको. नाव नको मला. शेताकडचा उतार ठेवा.’’

काम थांबवले तर आलेला निधी परत जाईल, असे काहीजण म्हणाले. ठेकेदार वैतागला. दोन सभा भांडणात गेल्या. शेवटी सरपंचांनीच आपल्या आज्याचा दाखला दिला. आज्याने पाळ घातली ती गुरेही उतरतील अशी, मग आपणच शहाणे झालो काय? शेताकडची बाजू मातीची राहिली. नावाची पाटी लागली नाही.

मॅडम, तुमचे गुडघे आता कुरकुरतात. पायऱ्या पाहिल्या की तुम्ही तोंड वाकडे करता आणि काठीला नावे ठेवता. यंदा मात्र तळे भरल्यावर तुम्ही काठीशिवाय, माझा नुसता खांदा धरून पाण्यापर्यंत गेलात. इथेही उभी भिंत झाली असती, तर बेडूक खाली अडकले असते आणि तुम्ही वर. तब्येत सांभाळा, औषधे वेळेवर घ्या, आणि पुढची पुष्कळ वर्षे दर पावसाळ्यात या उतारावरून पाण्यापाशी जात राहा. माझा खांदा आहेच.