प्लास्टिकच्या दगडातला कस्तूर

लक्ष्मीबाईंची नोकरी माझ्या तोंडामुळे गेली, हे आधीच सांगून टाकतो.

मी निपाणीचा. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. निवृत्त झालो तेव्हा सून रचना दिवाळीच्या सुट्टीत मला जांबोटीकडच्या एका रिसॉर्टला घेऊन गेली. रान साफ करून केलेली हिरवळ, तिच्यावर परदेशी ताड, निळा तलाव आणि नाश्त्याला इतके पदार्थ की काय खाल्लं तेच आठवू नये. मी तलावाकाठी पाय पसरून पडलो होतो. जवळच एक पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालत होता. मी मोठ्यानं वाहवा केली.

शेजारी साठीची एक बाई खराट्यानं पानं लोटत होती. हिरवळीवर पडलेलं पान पाहुण्यांना दिसू नये, एवढंच तिचं काम. ती हळूच म्हणाली, "अण्णा, ह्यो कस्तूर. ह्यो जेठापास्नं पावसाळाभर गातोय. ह्या दिसांत गात न्हाय."

"मग हा कोण गातोय?"

तिनं खराट्यानं झुडपामागचा दगड दाखवला. प्लास्टिकचा, आत स्पीकर. "पयल्यांदा मी बी दोन दिस पाखरू हुडकत फिरले," ती म्हणाली.

माझ्या पोटात काही राहत नाही. जेवताना सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असा तो किस्सा मी सांगितला. मॅनेजरनं तिला बोलावून आणलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पाहुण्यांना सांग, पक्षी खरा आहे. तुझीच चूक झाली."

"ह्या रानात मी आईसंगं मोळ्या वाहिल्यात. मला पाखरू शिकवू नगा," ती म्हणाली. खराटा भिंतीला नीट टेकवला आणि चालू लागली. नोकरांनी मागच्या फाटकानं जायचं असा तिथला नियम होता. लक्ष्मीबाई पुढच्या फाटकानं गेल्या.

ज्येष्ठात रचनानं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. लक्ष्मीबाईंची नात मैत्री बेळगावात एम.एस्सी. करते. तिनं आजीच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी सारवून घेतल्या होत्या, आणि आजी रान दाखवणार होती. पहिल्याच तुकडीत मी नाव दिलं.

माफी मागायला तोंड उघडलं, तर लक्ष्मीबाईंनी माझ्या तळहातावर तंबाखूची भुकटी ठेवली. "पायांस्नी चोळा, जळवा लागत न्हाईत. निपाणीचाच हाय." वखारीत आयुष्य घालवल्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

पहाटे ओढ्याकाठच्या खडकांवर आम्ही आठजण गप्प बसलो. तासभर गेला. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली, गव्याचं ताजं शेण दिसलं, पण कस्तूर काही गाईना. बेळगावचे एक डॉक्टर घड्याळ बघू लागले. एकजण रिसॉर्टच्या गरम नाश्त्याची आठवण काढू लागला. ही पहिलीच तुकडी. ही नाराज होऊन गेली तर पुढं कोण येणार, हे मैत्रीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आजीच्या कानाशी लागली; मी शेजारीच होतो. "आज्जी, मोबाइलात त्याची शीळ हाय. लावली की त्यो धावत येतोय. लई गाइड असंच करत्यात."

लक्ष्मीबाईंनी मोबाइलवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "त्यो आज गात न्हाय. उद्या गाईल का, सांगता येत न्हाय. मी आता कुणाची नोकर न्हाय, आन त्यो बी माझा नोकर न्हाय."

डॉक्टरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. "मग उद्याही राहतो," ते म्हणाले. मलाच छाती फुगवून हिंडावंसं वाटलं, जसं काही मीच बोललो होतो.

दुसऱ्या दिवशीही तो गायला नाही. तरी डॉक्टर जाताना पुढची तारीख सांगून गेले.

आषाढात मी पुन्हा गेलो, तेव्हा गायला. ओढ्याच्या खळखळाटाच्या वर ती शीळ निवांत, अडखळत, पुन्हा वर चढत आली. प्लास्टिकच्या दगडाला वाहवा करणारा मी, इथे माझं तोंडच उघडेना.

लक्ष्मीबाई माझ्याकडं बघून हसल्या.

"अण्णा, आज गप कसं?"