फोन सायलेंटवर होता

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. त्यामुळे नीट सांगता येईल की नाही — बघतो.

डहाणूत स्टेशनजवळ माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे. कव्हर, चार्जर, रिचार्ज. पण लोक खरे यायचे ते ॲपसाठी. हौसेनं स्मार्टफोन घेतलेला, त्याचं करायचं काय ते ठाऊक नाही. मी टाकून द्यायचो — टॉर्चचं, मराठी कॅलेंडरचं, फोटोला फुलं लावायचं. वाढवणचे मच्छीमार वाऱ्याचा अंदाज सांगणारं ॲप मागायला यायचे. "सुरेशला विचारा, त्याला सगळं कळतं." हे ऐकायला मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

हं. खोटं.

माझी मोठी बहीण यमुनाताई तलासरीजवळ वेवजीला दिलीय. भावोजी तिकडून जवळच, गुजरातेत कारखान्यात कामाला जातात. घरात म्हातारी सासू आणि दोन मुलं. त्या हिवाळ्यात आमच्याकडची जमीन हलायला लागली. आधी गडगडायचं, मग हादरा. तलासरीकडे तर लोक घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागले. ताईच्या सासूला दमा. उघड्यावरच्या थंडीत तिचा श्वास कोंडायचा. एके दिवशी ताई दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत कडेला उभी राहिली, मग म्हणाली, "सुऱ्या, थोडे दिवस आम्ही तुझ्याकडे येऊ का रे? म्हातारीला बाहेर नाय सोसत."

बायकोवर ढकलता आलं असतं. पण ती तर स्वतःहून म्हणाली होती, बोलावून घ्या त्यांना. नको होतं ते मला. एकच खोली, त्यात म्हातारीचा खोकला, पोरांचा गोंधळ — मला नको होतं.

मग मी काय केलं? ताईचा फोन हातात घेतला. भूकंप झाला की तो कुठे झाला, केवढा झाला हे दाखवणारं एक ॲप होतं. झाल्यावर. हे मला पक्कं माहीत होतं. ते टाकलं आणि म्हणालो, "हे धक्क्याच्या आधी वाजतं. वाजलं की सगळ्यांनी बाहेर पळायचं. खुशाल घरात झोपा."

"आधी वाजतं? खरंच?"

"मग! तुझा भाऊ कशाला आहे?"

किती खूश झाली होती ती. त्याच दिवशी त्यांनी अंथरुणं परत आत नेली.

त्यानंतरचा मोठा धक्का सकाळचा. भावोजी कामावर. ताई अंगणात भांडी घासत होती, मुलं तिच्याजवळ. म्हातारी आत पडून होती. मागची विटांची भिंत तिच्या अंगावर आली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा म्हातारी गेली होती. ताईनं माझ्यापुढे फोन धरला. मेसेजच्या आवाजानं धाकटा दचकून उठायचा, म्हणून तिनं फोन सायलेंटवर ठेवला होता. सकाळी आवाज सुरू करायचा राहून गेला.

"बघ ना, वाजलं होतं का ते? माझ्यामुळे नाय ना झालं?"

किती सोपं होतं! ताई, ते आधी वाजतच नाही — बस, एवढंच. पण भावोजी शेजारीच उभे होते. ऐकत होते. ॲप कोणी टाकलं ते त्यांना माहीत होतं.

मी स्क्रीनवर बोट फिरवलं. बघितल्यासारखं केलं. आणि म्हणालो — हो, मीच म्हणालो — "वाजलं होतं, ताई. पण फोन सायलेंटवर होता ना."

ती जागच्या जागी खाली बसली. भावोजींनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी? मी ते ॲप गुपचूप काढून टाकलं आणि फोन तिच्या पिशवीत ठेवला.

भावोजींनी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. बोलणंच टाकलं. "आईला सांग, जेवायला वाढ," असं मुलांकडून. घरात काहीही बिघडलं, भात करपला, पोराला ताप आला, की ताई म्हणते, "माझंच चुकलं असेल." नळावरच्या बायकांत ती जात नाही.

पुढे दुकानात बरेच जण तेच भूकंपाचं ॲप मागायला आले. प्रत्येकाला मी नीट समजावून सांगितलं — हे नंतर सांगतं हो, आधी नाही, यावर विसंबू नका. अनोळखी माणसांना सांगितलं! वेवजीला जायला किती वेळा मोटारसायकल काढली. फाट्यावर थांबायचो, चहा प्यायचो, परत फिरायचो. कोणीतरी कधीतरी तिला सांगेलच ना? ही भीती असतेच. आणि कोणीतरी सांगून टाकावं, असंही वाटतं. म्हणजे तेही काम दुसऱ्यावरच.

गेल्या भाऊबीजेला गेलो होतो. तिनं ओवाळलं, कपाळाला टिळा लावला, आणि हळूच म्हणाली, "सगळ्यांनी मला दोष दिला रे. तू एकटा रागावला नाहीस."

मी ताटात ओवाळणी टाकली, आणि तिनं वाढलेलं पोटभर जेवलो.