सरांनी परत आखलेली चौकट

प्रभाकर सरांना मी पहिल्यांदा भेटले ते मालवणात, मच्छीमार संस्थेच्या कचेरीत. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. संस्थेत संगणक येणार होता आणि मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेल्या सरांना मदतनीस हवा होता. त्यांनी मला संस्थेची संदर्भ-आकृती काढायला सांगितली. मधले वर्तुळ म्हणजे आपली सगळी यंत्रणा, बाहेरच्या चौकटी म्हणजे तिच्याशी देवघेव करणारे, आणि बाण म्हणजे ती देवघेव. मी वर्तुळात बर्फ, डिझेलची टाकी, टेबले, कपाटे, सगळे भरून टाकले.

"गो बाय, आकृती काढलंस काय घराचा सामान लावलंस?" सर म्हणाले. "आतला मगे बघुया. पयला सांग, दारात कोण येता आणि काय घेवन जाता?"

वर्तुळाची रेघ ही आपल्या जबाबदारीची हद्द असते, हे मी त्यांच्याकडून शिकले. लाँचमालक, लाँच चालवणारा तांडेल, बँक, विमा कंपनी अशा चौकटी झाल्यावर सरांनी स्वतः एक वाढवली, 'खलाशाचे घर'. तिच्याकडे जाणाऱ्या बाणावर लिहिले, 'लाँचची खबर'.

"खलाशाच्या घराशी आपलो काय संबंध? तांडेल सांगतलो," अध्यक्ष म्हणाले. सरांनी पुष्कळ समजावले. शेवटी त्यांनीच ती चौकट खोडली.

पुढे एक लाँच बुडाली, तांडेलासकट. संस्थेने मालकाला, बँकेला, विमा कंपनीला लगेच कळवले. त्या लाँचवरच्या एका खलाशाच्या बायकोला, शेवंताबाईंना, मात्र नवरा गेल्याचे मासळीबाजारात एका गिऱ्हाइकाकडून समजले.

सर त्यांच्याकडे गेले तेव्हा मी सोबत होते.

"माका परक्या माणसान सांगल्यान," त्या म्हणाल्या. "तुमका माजा घर म्हायत नाय होता काय, सरांनु?"

परतताना वाटेत सर एवढेच म्हणाले, "ती चौकट माज्याच हातान खोडली गेली."

पुढच्या बैठकीत त्यांनी ती परत आखली आणि मंजूर होईपर्यंत कामाला हात लावला नाही. आता खबर आधी घरी जाते. वाईट असली तर ती बहुधा सरच नेतात आणि त्या घरचे कोणी नातलग येईपर्यंत ओसरीवर बसून राहतात. माझ्या आकृतीची केली होती तशी त्यांची थट्टा आम्ही फार दिवसांत ऐकलेली नाही.

सर, साठीत वाळूतून चालताना तुमचे गुडघे दुखतात, हे तुम्ही लपवता तरी आम्हाला दिसते. यापुढे वाईट खबर घेऊन आम्ही जाऊ. तुमच्या वाट्याला सुखरूप परतलेल्या लाँचींच्याच खबरा याव्यात, आणि त्या घरोघर पोचवायला तुम्हाला भरपूर आयुष्य आणि धड पाय लाभोत.