निसारभाईंची सही

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला एकदा सांगायला घेतली होती — चहा ओतता ओतता — आणि मधेच मीच भाजीचं काहीतरी विचारलं. तो उत्तर देऊन उठून गेला. त्यानंतर मी तो प्रयत्नच केला नाही.

चाकणला पुठ्ठ्याची खोकी आणि पाकिटं छापणारी आमची कंपनी आहे. मी तिथे निर्यात विभागात. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं माझ्याकडे. आम्ही काय काय छापतो? बिस्किटांची, औषधांची आणि सिगारेटची पाकिटं. नातेवाइकांनी विचारलं की मी म्हणते, सिगारेट आम्ही थोडीच बनवतो, वरचं पाकीट तेवढं आमचं. लोक मान हलवतात. मीही हलवते.

छपाईच्या मोठ्या मशीनवर निसारभाई होते. चाकणचेच, जुन्या घरातले. मला ताई म्हणायचे. त्यांचे थोरले भाऊ गफूरभाई सिगारेटपायी घशाच्या कॅन्सरने गेले. शेवटची दोन वर्षं गळ्याला भोक होतं, आवाज नव्हता. हे मला निसारभाईंनीच एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं, डबा पुढ्यात ठेवून, न जेवता.

आम्ही ज्या छोट्या देशासाठी पाकिटं छापायचो, त्याने कायदा करायचं ठरवलं — पाकिटाच्या दर्शनी भागावर रोगाचं मोठं चित्र हवं. नमुना आमच्याकडे आला. चित्रात एक गळा होता, मधोमध भोक असलेला. निसारभाईंनी तो कागद हातात घेऊन उजेडात धरला. मग म्हणाले, "गफूरभाईचाच गळा हाय ह्यो." त्या दिवसापासून खिशातली सिगारेट त्यांनी बंद केली. ते नवी पाकिटं छापायची वाट बघत होते. मला माहीत होतं — हे लक्षात ठेवा, मला माहीत होतं.

पण ज्या परदेशी सिगारेट कंपनीचं ते काम होतं, तिला चित्र नको होतं. तिने त्या सरकारला नोटीस पाठवली. तिचं म्हणणं, आमच्या देशाशी तुमचा व्यापार करार आहे, पाकिटावरचं आमचं नाव-चिन्ह झाकलंत तर करार मोडल्याचा दावा लावू. दावा टिकला असता का? कोण जाणे. बाहेरच्या लवादापुढे वर्षानुवर्षं लढायची त्या देशाची ऐपतच नव्हती. कंपनीला तेवढंच पुरेसं होतं. नोटिशीला जोड म्हणून तिला कामगारांचं पत्र हवं होतं, की या चित्रांमुळे आमच्या पोटावर पाय येईल.

आमच्या साहेबांच्या सांगण्यावरून ते पत्र मी लिहिलं. इंग्रजीत, निसारभाईंच्या नावाने सुरुवात करून. मी छपाई कामगार, अर्धं आयुष्य या मशीनवर गेलं, हा कायदा झाला तर मशीन बंद पडेल. बंद कशाला पडेल? चित्र असलं तरी पाकीट लागणारच ना? पुठ्ठा तोच, मशीन तेच. तरी लिहिलं. चांगलं लिहिलं, साहेबांनी एक शब्द बदलला नाही.

सह्या घ्यायला मी खाली गेले. निसारभाईंनी शाईचे हात पुसले, चष्मा लावला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"काय लिवलंय, ताई?"

"त्या चित्राचंच आहे."

"लवकर चालू करा म्हनून?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक अक्षर. साहेबांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, नाही म्हणेल त्याला सोडून द्या, असंच म्हणाले होते. मग मी हो का म्हटलं? कारण शोधलं तर सापडेल. पण ते मी इथे मांडणार नाही.

त्यांनी मराठीत सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. आणि मग — हे सांगताना अजून माझी मान खाली जाते — बाकीच्या सह्या त्यांनीच गोळा केल्या. दोन्ही शिफ्टना फिरले. प्रत्येकाला भावाची गोष्ट सांगितली. मी वर ऑफिसच्या काचेतून बघत होते. खाली उतरून कागद परत घेता आला असता. नाही घेतला.

त्या देशाने कायदा पुढे ढकलला. मग फाईल कुठेतरी गेली ती गेलीच. निसारभाई विचारायचे, आपल्या पत्राचं काय झालं. मी म्हणायचे, चर्चा चालू आहे. ते निवृत्त झाले तोवर चर्चाच चालू होती.

या हिवाळ्यात बाजारात भेटले. हातात कांद्याची पिशवी, दमलेले. पुन्हा तेच विचारलं. मला ते ओझं नको झालं, आणि मी म्हणाले, "सुरू झालं, निसारभाई. चित्रं आली तिकडे."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. डोळे पुसले. "शुक्रवारी कबरस्तानात जातो," म्हणाले, "गफूरभाईला सांगतो." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

ते गेले असतील शुक्रवारी. नक्की गेले असतील.

गेल्या महिन्यात आणखी एका देशाने चित्रांचा विचार सुरू केला. साहेबांनी मला बोलावलं, कामगारांचं पत्र लागेल म्हणाले. जुना मसुदा माझ्याकडे होता. मी देशाचं नाव बदललं, निसारभाईंच्या जागी मशीनवरच्या नव्या माणसाचं घातलं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी पाठवून दिला.