ड्रायर चालू ठेवून निवडलेला टॅब

दादांच्या सलूनमध्ये खुर्ची एकच, पण मागचं बाकडं चांगलं लांबलचक. त्यावर बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांना केस कापायचेच नसायचे. ते दादांचं बोलणं ऐकायला यायचे. माझं वह्यापुस्तकांचं दुकान शेजारीच, मध्ये एकच भिंत. गिऱ्हाईक नसलं की मीही त्या बाकड्याच्या टोकाला जाऊन टेकायचो. दादा कात्री चालवता चालवता एखादा किस्सा सुरू करायचे, ऐन रंगात आला की कात्री थांबवायचे, आरशातून सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायचे आणि मग शेवटचं वाक्य टाकायचे. बाकडं हसून हसून गदगदायचं. खुर्चीतला माणूस मात्र हसू दाबून बसायचा, कारण मान हलली तर कानाची खैर नव्हती.

अशा माणसाच्या घशात गाठ निघाली.

आधी नुसता आवाज बसला होता. थंड काहीतरी प्यायलो असेन, म्हणून त्यांनी अंगावर काढलं. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. दादांनी सही केली. ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या पुढच्या बाजूला एक छिद्र राहिलं आणि श्वास तिथूनच चालू लागला. केसांचे बारीक तुकडे आत जाऊ नयेत म्हणून त्यावर जाळी आणि वरून सुती कापड बांधून दादा पुन्हा दुकानात उभे राहिले. हात पूर्वीसारखेच चालत होते, पण दुकान गप्प झालं होतं.

लोक यायचे, पण काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. काही जण उगाच पेपर तोंडासमोर धरायचे. बाकडं हळूहळू रिकामं पडायला लागलं. दवाखान्यातून एक यंत्र दिलं होतं. गळ्याला टेकवून ओठ हलवले की त्यातून घरघरत शब्द यायचे. पण ते धरायला एक हात लागतो आणि दादांच्या धंद्याला दोन्ही हात हवेत. शिवाय त्या आवाजानं एक लहान पोरगी खुर्चीतून उतरून थेट आईच्या कडेवर जाऊन बसली. त्या दिवशी दादांनी ते यंत्र खणात टाकलं.

मग मी माझ्या दुकानातला एक छोटा पांढरा फळा आणि पेन त्यांना नेऊन दिलं. त्यात नवीच गंमत झाली. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसलेलं आणि दादा त्याच्या मागे. फळा वर धरला की आरशात सगळी अक्षरं उलटी! दादांनी काय करावं? आठवडाभर घरी बसून ते उलटं लिहायला शिकले. वेलांट्या, मात्रा, सगळं उलटं, आरशात बघितलं की सुलटं. मी तर तोंडात बोट घातलं. पण एवढं करूनही अडलंच, कारण केस कापताना लोक चष्मा काढून ठेवतात. फळ्यावर काय लिहिलंय ते अर्ध्याअधिक गिऱ्हाइकांना दिसायचंच नाही. ते आपले डोळे बारीक करून "हो हो" म्हणायचे.

टॅब घ्यायची कल्पना त्यांच्या मुलीची. ती एका कार्यालयात हिशेबाचं काम बघते. मोबाईलवर लिहिलेलं वाचून दाखवणारं अ‍ॅप तिनं शोधून काढलं होतं, पण मोबाईलची अक्षरं एवढीशी आणि दादांची बोटं जाडजूड. एका शब्दाला तीनदा खोडाखोड व्हायची. "मोठा स्क्रीन हवा बाबांना," ती म्हणाली आणि झपाट्यानं कामाला लागली. कुठल्याचा कॅमेरा चांगला, कुठल्याला मेमरी जास्त, कुठल्यासोबत पेन मिळतं, सगळं तिला तोंडपाठ झालं. औषधपाण्यातून जे काही उरलं होतं त्यातून वहिनींनी एक रक्कम बाजूला काढली आणि बजावलं, "यापुढे खिशाला कात्री लावायची नाही. कात्री दुकानातच चालू दे."

मग एका दुपारी आम्ही चौघं मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेलो. मला वहिनींनी मुद्दाम सोबत घेतलं होतं. "भाऊजी, तुम्ही चला. ही दोघं भांडायला लागली तर मध्ये कुणीतरी हवं."

आत एका लांब टेबलावर टॅब ओळीनं उभे करून ठेवलेले. विकायला एक तरतरीत मुलगी होती. तिनं रक्कम विचारून घेतली आणि दुकानदारांच्या सवयीप्रमाणे गोड हसून म्हणाली, "बजेटच्या थोडं वर गेलो तर फार छान मॉडेल मिळेल, काका."

दादांनी फळ्यावर लिहून तिच्यासमोर धरलं, 'वर जाता जाताच परत आलोय. खालचंच दाखव.'

ती मुलगी आधी गोंधळली, मग दादांच्या गळ्यावरचं कापड तिला दिसलं, आणि मग तिला हसू आवरेना. तिथून ती आमचीच झाली.

दादांच्या मुलीनं पसंत केलेला टॅब पातळ, चकचकीत, आरशासारखा. दादांनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि कडेला असलेल्या स्पीकरच्या जाळीवर बोट ठेवलं. मग दुकानभर नजर फिरवली. समोरच्या कपाटात केस वाळवायचे ड्रायर होते. त्यांनी लिहिलं, 'तो एक लावून दाखवशील?'

"तुम्हाला ड्रायर पण हवाय?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

'नाही. आवाज हवाय.'

आमच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. तिच्या मात्र लगेच लक्षात आलं. तिनं ड्रायर लावला, तोही फुल्ल, सलूनमध्ये चालतो तसा. स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडून टॅबवर ते बोलणारं अ‍ॅप घेतलं. दादांनी आपल्या मुलीला टेबलापासून चार पावलं लांब, पाठमोरी उभी केली, तिचा चष्मा काढून वहिनींच्या हातात दिला आणि टाईप करायला सुरुवात केली.

पातळ टॅब काय बोलला ते तिला कळलंच नाही. त्याचे दोन्ही स्पीकर एकाच कडेला होते, आणि स्टँडवर ठेवला की ती कड खाली दाबली जायची. मग दादांनी ओळीतला सगळ्यात स्वस्त टॅब पुढे ओढला. तो मात्र खणखणीत बोलला. वहिनी लगेच म्हणाल्या, "झालं तर मग! हाच घेऊ. पैसेही वाचतील."

दादांनी मान हलवली. त्यांनी पुन्हा टाईप केलं आणि आम्हाला बघायला लावलं. बोट अक्षरावर पडायचं आणि अक्षर थोड्या वेळानं, जांभई देत आल्यासारखं उमटायचं. बोलायचं बटण दाबलं, की टॅब आधी विचारात पडायचा आणि मग बोलायचा.

"एवढ्यानं काय बिघडतं, बाबा?" मुलगी म्हणाली. "पाणी हवंय, दुखतंय, एवढंच तर सांगायचंय. दोन सेकंद उशिरा सांगितलं तर?"

दादा तिच्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. मग त्यांनी फळा पुसला आणि सावकाश लिहिलं, 'पाणी मी हातानं मागू शकतो. मला गप्पा मारायच्यात.'

ड्रायर तेवढा घोंगावत होता. मुलीनं वडिलांच्या हातातला फळा घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली, "मग मधला बघू या."

मधला टॅब दिसायला साधाच. थोडा जाड, कॅमेरा बेताचा, पेनबिन काही नाही. पण स्पीकर दोन्ही बाजूंना एकेक, आणि बोट लागताच अक्षर हजर. दादांनी दुकानातल्या मुलीला खुणेनं पाठमोरी व्हायला सांगितलं. दोन वाक्यं वेगवेगळी लिहून ठेवली. मग पहिलं बटण दाबलं. ड्रायरच्या घोंगावण्याच्या वर आवाज चढवत टॅब बोलला,

"आयुष्यभर केस कापले, पण केसानं कुणाचा गळा नाही कापला."

दादा थांबले. त्यांची ती जुनी थांबायची पद्धत. समोरच्या काचेतून आमच्यावर एकदा नजर फिरवली. आणि दुसरं बटण दाबलं.

"माझा मात्र डॉक्टरांनी कापला. तोही माझी सही घेऊन."

पाठमोऱ्या मुलीचे खांदे हलायला लागले. पलीकडे धुलाई यंत्र बघणारं एक जोडपंही वळून हसलं. वहिनी हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच नवऱ्याच्या बोलण्यावर लोक हसलेले त्या बघत होत्या.

टॅब ठरवलेल्या रकमेत बसला आणि वर एक भक्कम स्टँड आणि पाण्यापासून जपणारं पारदर्शक कव्हरही आलं. फक्त आवाज कुणाचा घ्यायचा एवढंच राहिलं होतं. अ‍ॅपमध्ये पुरुषाचा होता, बाईचा होता. आम्ही सगळे अर्थातच पुरुषाचा म्हणालो. दादांनी बाईचा निवडला आणि टाईप करून तिच्याच तोंडून कारण सांगितलं, "पुरुषाचा घेतला तर लोक म्हणतील, दादांचा आवाज बिघडला. बाईचा घेतला तर म्हणतील, दादांनी मदतीला कुणीतरी ठेवलंय."

"वा!" वहिनी म्हणाल्या. "आणि बिल मी भरतेय."

पुढचे दिवस सोपे गेले असं नाही. कव्हर लावायचं दादा एकदा विसरले आणि ओल्या ब्रशचे थेंब स्क्रीनवर उडाले. खुर्चीतले गृहस्थ सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगत होते. थेंबानं आधीच लिहून ठेवलेल्या किश्श्याचं बटण दाबलं गेलं आणि टॅबमधल्या बाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आणि मग गाढवानंच त्याला ओळखलं!" दादा कपाळावर हात मारून उभे. ते गृहस्थ मात्र असे हसले, की वस्तरा बाजूला ठेवावा लागला. काही शब्द ती बाई भलतेच उच्चारायची. त्यावर दादांनी उपाय काढला. ती जसं नीट बोलेल तसं चुकीचं लिहायचं. सकाळी दुकान उघडण्याआधी ते दिवसाचे किस्से लिहून घ्यायचे, प्रत्येकाचे तुकडे पाडून मोठ्या चौकटींत ठेवायचे. कापता कापता बोटाच्या पेरानं एक चौकट दाबली, की हात पुन्हा केसांवर. कुठे थांबायचं ते यंत्रावर सोडायचं नाही, स्वतःच्या हातात ठेवायचं, यासाठी ही सगळी खटपट. मी अशी मेहनत करणारी माणसं थोडीच पाहिली आहेत, आणि तीही केवळ दुसऱ्यांना हसवण्यासाठी करणारं तर दुसरं कुणीच पाहिलं नाही.

बाकडं पुन्हा भरलं.

मग दवाखान्यातून असंच ऑपरेशन झालेले लोक दादांकडे यायला लागले. 'कुठला टॅब घेऊ?' असं विचारायचे. दादा नाव कधीच सांगत नसत. उलट विचारायचे, "तुम्ही दिवसभर असता कुठे? बसून की चालून? ऐकणारा किती लांब असतो?" एक निवृत्त शिक्षिका आल्या. परदेशातल्या मुलानं पैसे पाठवले होते आणि सगळ्यात महागडा घ्या म्हणून आग्रह धरला होता. दादांच्या प्रश्नांवर त्यांनी लिहून सांगितलं, की नातीला घेऊन बागेत फिरते, तिच्यामागे पळते. दादांनी टॅबकडून सांगितलं, "बाई, मग टॅब घेऊच नका. हातातला मोबाईल चांगला आहे. तो गळ्यात अडकवा आणि एक छोटा स्पीकर घ्या. नात पळाली तर टॅब सांभाळाल की नात?" बाईंनी तसंच केलं. मुलाचे पैसे परत पाठवले तेव्हा तो म्हणे फोनवर बराच वेळ वाद घालत होता. बाईंना मात्र पुन्हा वाद घालता आला याचीच मजा वाटली असणार.

आता डॉक्टर स्वतःच दादांना बोलावून घेतात. ऑपरेशन व्हायच्या आधी रोग्याशी बोला म्हणतात. एकदा मीही त्यांच्यासोबत गेलो. खाटेवर एक धिप्पाड बसचालक बसला होता, नजर जमिनीवर. बायको शेजारी स्टुलावर. डॉक्टरांनी ओळख करून दिली आणि ते निघून गेले. मग बसक्या आवाजात त्या माणसानं विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो हो?"

दादांनी टॅब मांडीवर घेतला. गडबड केली नाही. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग चौकट दाबली.

"लोक आपल्याशी ओरडून बोलायला लागतात." दादा थांबले. तो माणूस मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागला. मग दुसरी चौकट. "अहो, घसा गेलाय, कान नाही!"

तो हसला. आधी नुसता श्वास सुटल्यासारखा, मग खांदे हलवत, खोकत. बायको त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "बाई गं, किती दिवसांनी हसले हे." आणि स्टूल पुढे ओढून ती टॅबच्या जवळ येऊन बसली.